सॉफ्ट-हॅकल वेट फ्लाय: पीस आधी, अंग नंतर

फ्लाय म्हणजे माशाला फसवायला गळावर पीस आणि धागा बांधून केलेला खोटा किडा. वेट म्हणजे पाण्याखाली चालणारी, आणि हॅकल म्हणजे तिच्या डोक्याशी गुंडाळलेलं पीस. रविवारी पोह्यांच्या बशा उचलल्या की आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या जेवणाच्या टेबलावर व्हाइस (गळ पकडून ठेवणारे छोटे शिकंजे) लागतात. तिघं-चौघं येतात, आपापल्या डब्या उघडतात, आणि झाकण उघडल्याबरोबर मला कळतं की पुन्हा तेच झालंय. डोक्याशी धाग्याचा गोळा, गळाचं नेढं (दोरी ओवायचं भोक) बुजलेलं, पीस चिमणीच्या घरट्यासारखं चहूकडे उभं, अंग गळाच्या बाकात उतरलेलं. शिवाय सगळ्या फ्लाय रंगवार लावलेल्या: नारिंगी एका ओळीत, पिवळ्या दुसऱ्या, काळ्या तिसऱ्या. पाण्यावर उभं राहिल्यावर यातली कुठली काढायची, हे त्यांनाच सांगता येत नाही.

मंडळींचे हात चांगले आहेत. क्रम चुकतो. यूट्यूबवर बघताना लक्ष धागा गुंडाळणाऱ्या बोटांवर असतं, पण या फ्लायचं निम्मं काम गळ व्हाइसमध्ये अडकवण्याआधीच झालेलं असतं, आणि ते कुणी दाखवत नाही. म्हणून इथे एकच फ्लाय पूर्ण बांधू या: १४ नंबरचा गळ, नारिंगी रेशमाचं अंग, गावठी कोंबडीच्या ठिपकेदार पिसाचं हॅकल. ही जमली की बाकीच्या तिच्यात एकेक बदल करून होतात. वर्गवारीकडे त्यानंतर वळू.

टप्पा १: पीस निवडा, आणि कोंबड्याचं बाजूला ठेवा

सॉफ्ट-हॅकलमधला ‘सॉफ्ट’ हाच सगळा मुद्दा. कोंबड्याच्या मानेचं पीस चकचकीत, अरुंद आणि ताठ असतं. ते पाण्याला दाद देत नाही, म्हणून तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला चालतं. कोंबडीचं पीस रुंद, निस्तेज आणि लवचीक असतं. पाणी पितं, प्रवाहात हलतं. मासा त्या हलण्याला फसतो.

मूळ इंग्रजी पाककृतींमध्ये तितर, पाणलावा, पाणकोंबडी अशा रानपक्ष्यांची पिसं लागतात. आपल्याकडे तो विषय डोक्यातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे या पक्ष्यांना मारणं गुन्हा आहे, आणि ‘कुणीतरी आणून दिलं’ हे उत्तर चालत नाही. मोराचं आपोआप गळलेलं पीस देशात वापरता येतं, तेवढी सवलत आहे. बाकी सगळं कोंबडीतून भागतं:

तपकिरी ठिपक्यांसाठी गावठी कोंबडीची पाठ आणि खांदे. तितराच्या पाठीच्या पिसाला हा सगळ्यात जवळचा पर्याय. काळ्यासाठी झाबुआकडची कडकनाथ. तिच्यातली पूर्ण काळी जात घ्या, मानेवर पांढरट रेघा असलेली नको. राखाडीसाठी करड्या कोंबडीच्या पंखाच्या वरच्या काठावरची बारीक पिसं. ठळक पांढरे ठिपके हवे असतील तर पाळीव गिनी फाउल, पण तिची पिसं जरा राठ असतात आणि १२ नंबरच्या गळाहून लहान गळाला मोठी पडतात.

चिकनच्या दुकानात ‘पिसं द्या’ म्हटलं तर पोतं पुढे करतात, त्यात ब्रॉयलरची पांढरी पिसं. गावठी कोंबडी असेल तेव्हा पाठीचं कातडं पिसांसकट अख्खं मागून घ्या. सुटी पिसं निवडत बसण्यात रविवार जातो. कातड्यावर ती आकारानुसार आधीच लागलेली असतात. मानेकडे लहान, शेपटीकडे मोठी.

*तपासणी:* पीस ओलं करून दोन बोटांत धरा आणि फुंकर मारा. तंतू वाकून परत आले तर चालेल. ताठच राहिले तर कोंबड्याचं आहे. एकमेकांना चिकटून लोळागोळा झाले तर तुम्ही पिसाच्या बुडाची लव धरली आहे, वरचा भाग धरा.

टप्पा २: धुणं

हा टप्पा सगळे गाळतात आणि सहा महिन्यांनी डबा उघडून कसर लागलेली पिसं दाखवायला आणतात.

हातमोजे घाला. कातड्याच्या आतली चरबी बोथट सुरीने खरवडा, आतल्या बाजूला मीठ चोळा, दोन-तीन दिवस पुठ्ठ्यावर टाचून सुकवा. सुटी पिसं असतील तर कोमट पाण्यात दोन थेंब शाम्पू, दोनदा खळबळून, जुन्या ओढणीत बांधून सावलीत टांगा. सुकल्यावर झिपवाल्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये, मग दोन दिवस बाहेर, मग पुन्हा आठवडाभर फ्रीजरमध्ये. पहिल्या थंडीतून वाचलेली अंडी बाहेरच्या उबेत फुटतात आणि दुसऱ्या थंडीत मरतात. घरात काय बोलणी बसतील ती बसोत. आमच्याकडे पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘खाण्याचं नाही’ असं लिहावं लागलं.

*सावध:* न धुतलेलं पीस धागा ओला करायला म्हणून तोंडात धरलेल्या बोटांनी हाताळू नका. आणि धाग्याचं टोक तोंडात धरायची सवयच सोडा.

टप्पा ३: रेशीम आणि मेण

या फ्लायचं अंग म्हणजे नुसता धागा. पिसासाठी वेगळा आणि अंगासाठी वेगळा धागा नसतो, बांधतो तेच रेशीम अंग होतं. म्हणून धागा नेमका हवा.

राजवाड्याच्या आसपास गोटा-किनारीच्या दुकानांत ‘रेशीम’ मागितलं की जे मिळतं ते बहुतेक वेळा रेयॉन असतं. दिसायला रेशमाहून चकचकीत. पण रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, आणि आपली फ्लाय आयुष्यभर ओलीच राहणार. दुकानातून आणल्यावर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आणि बोटात चुरडणारी काळी राख म्हणजे खरं रेशीम. कागद जळल्याचा वास म्हणजे रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर मजबूत असतं, शिकायला वापरा, पण ओलं झाल्यावर रेशमाचा रंग जसा खोल जातो तसा त्याचा जात नाही.

धागा अनेक पदरी असेल तर पदर सोडवून एकच घ्या. जाड धाग्याने डोकं मोठं होतं, आणि मग नेढ्यात नायलॉन जात नाही म्हणून नदीवर सुई शोधत बसावं लागतं.

मेणाबद्दल मात्र मी हट्टी आहे. हिमाचलातल्या तीर्थन नदीवरच्या माझ्या पहिल्या फेरीत, गुशैणीच्या वरच्या पाण्यात, दुपारपर्यंत चार फ्लायपैकी तीन डोक्याशी उसवल्या. मासे धरले गेले होते, फ्लायच सुटल्या. मेण लावलेलं नव्हतं आणि शेवटी दोन साध्या गाठी मारून काम संपवलं होतं. तेव्हापासून मेणाशिवाय धागा बॉबिनमध्ये (रीळ धरून धागा ताणणाऱ्या नळीत) घालत नाही. साधं मधमाशीचं मेण चालतं. चिकट हवं असेल तर राळ आणि मेण मिसळून मोच्याच्या मेणासारखं करता येतं. पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवा, थेट आचेवर नको, राळ पेट घेते. हे काळपट मेण पिवळ्या रेशमाला हिरवट झाक देतं. काही फ्लायना ती झाक हवीच असते, नारिंगीला नको. म्हणून दोन खडे ठेवा, पांढरं आणि काळपट.

*तपासणी:* मेण लावलेला वीतभर धागा गळाच्या दांड्यावर दहा वेढे गुंडाळा आणि सोडून द्या. वेढे जागच्या जागी राहिले पाहिजेत. सुटले तर मेण कमी.

टप्पा ४: गळ, आणि उलटा काटा आधीच दाबणं

नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नवख्यांना दर वेळी उलटं वाटतं. शिकायला १२ घ्या, वापरायला १४ आणि १६. दांडा नेहमीच्या लांबीचा, लांब दांड्याचा नको.

उलटा काटा (टोकाजवळचा, मासा निसटू न देणारा) पकडीने दाबायचा असेल (आणि सोडून द्यायचा मासा असेल तर दाबायचाच) तर आत्ता दाबा. कच्चा गळ इथेच मोडतो. मोडला तर चार रुपये गेले. बांधून झाल्यावर मोडला तर अर्धा तास गेला.

व्हाइसमध्ये गळ बाकाच्या खालच्या भागात धरा, दांडा आडवा. टोक जबड्याबाहेर राहिलं तर धागा त्यावर घासून तुटतो. त्यामुळे सुरुवातीला टोक आत झाकलं तरी हरकत नाही.

टप्पा ५: पीस तयार करणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाकडं जातं. मी सहा फ्लाय बांधणार असेन तर आधी सहा पिसं तयार करून ताटलीत मांडतो आणि मगच व्हाइसकडे वळतो.

पिसाची लांबी गळावर मोजा. पीस वाकवून त्याचे तंतू फुलवा आणि गळाच्या नेढ्याशी धरा. तंतूंची टोकं बाकाच्या पाठीपर्यंत पोचावीत, फार तर केसभर पुढे. लांब झाले तर मासा तंतू ओढतो आणि गळ लागत नाही. फार आखूड झाले तर हलत नाहीत. इथे लोक मला सांगतात, ‘काका, थोडं लांब आहे, कापून घेऊ का?’ नाही. तंतूंची निसर्गाने दिलेली बारीक टोकं पाण्यात हलतात. कापलेलं टोक ब्रशासारखं उभं राहतं. लहान पीस शोधा.

मग बुडाची सगळी लव ओरबाडून काढा, जोपर्यंत खरे तंतू सुरू होत नाहीत. टोकाचा छोटा त्रिकोण चिमटीत धरून उरलेले तंतू मागे ओढा, म्हणजे ते कण्याला काटकोनात उभे राहतील. कण्याचं नागडं बूड तीन-चार मिलिमीटर ठेवून बाकीचं कापा.

एका बाजूचे तंतू पूर्ण काढून पीस विरळ करण्याची रीतही आहे. आधी अख्ख्या पिसाने हात बसू द्या.

*तपासणी:* पिसाच्या दोन्ही बाजू बघा. एक चकचकीत आणि फुगीर, दुसरी फिकट आणि वाटीसारखी आत गेलेली. कुठली कुठली हे बोटाला कळलं पाहिजे, कारण पुढच्या टप्प्यात तेच चुकतं.

टप्पा ६: बांधणी

१. नेढ्यामागे धाग्याच्या दोन वेढ्यांएवढी जागा रिकामी सोडा. ही जागा डोक्याची. आत्ता सोडली नाही तर शेवटी मिळणार नाही. तिथून मागे, वेढ्याला वेढा चिकटवत, पाच वेढे घ्या.

२. आता पीस. होय, अंगाच्या आधी. पिसाचा नागडा कणा दांड्यावर ठेवा, पीस नेढ्याच्या पुढे बाहेर, वाटीची बाजू वर. तीन-चार घट्ट वेढ्यांनी कणा बांधा. पीस आधी बांधलं की कण्याचं बूड अंगाच्या धाग्याखाली सपाट दडतं. शेवटी बांधलं तर तेच बूड डोक्यात भर घालतं, आणि डबीत दिसणारे गोळे तिथून येतात.

*तपासणी:* पीस बोटाने वर उभं करा. वाटीचं तोंड गळाच्या बाकाकडे आहे ना? नेढ्याकडे असेल तर आत्ताच सोडा आणि उलटून बांधा. उलट्या पिसाचे तंतू पुढे झुकतात, आणि नंतर कितीही चापले तरी मागे बसत नाहीत.

३. धागा मागे न्या, वेढ्याला वेढा लावून, एकावर एक नाही. बॉबिन मधूनमधून फिरवून धाग्याचा पीळ सोडवा. कुठल्या दिशेने फिरवल्यावर धागा चपटा होतो ते तुमच्या धाग्यावर अवलंबून, एकदा दोन्हीकडे फिरवून बघा. चपटा धागा गुळगुळीत अंग देतो.

४. थांबा कुठे? व्हाइसवरच्या गळाचं टोक बघा, त्याच्या सरळ वर दांड्यावर थांबा. त्याच्या पुढे जाऊ नका. बाकात उतरलेलं अंग ही दुसरी सार्वत्रिक चूक. फ्लाय मग लांब आणि खाली वाकलेली दिसते, आणि गळाचं तोंड अडतं. आखूड अंग डोळ्याला अपुरं वाटतं. वाटू द्या.

५. त्याच धाग्याने पुन्हा पुढे या, पुन्हा वेढ्याला वेढा. पिसाच्या बांधणीपर्यंत न जाता एक मिलिमीटर अलीकडे थांबा. धाग्याचे दोन थर झाले, अंग झालं. वायर नाही, लव नाही, काही नाही.

६. पिसाचं टोक चिमट्यात धरून उभं करा आणि दोन वेढे घ्या. पुढून मागे, म्हणजे नेढ्याकडून धाग्याकडे. पहिला वेढा बांधणीशी, दुसरा त्याच्या लगेच मागे. दोनच! तिसरा वेढा घ्यायला हात शिवशिवतो, सगळ्यांचाच. पीस लहान आणि घट्ट असेल तर दीड वेढाही पुरतो.

७. धाग्याचे दोन वेढे पिसाच्या टोकावर टाकून ते पकडा. मग तोच धागा हॅकलमधून, डावीकडे-उजवीकडे किंचित हलवत, पुढे नेढ्याकडे न्या. हलवल्याने तंतू धाग्याखाली दबत नाहीत, बाजूला सरकतात. धागा कण्यावरून आडवा गेल्यामुळे कणा दोन ठिकाणी पकडला जातो, म्हणून ही फ्लाय दातांना पुरून उरते.

८. पिसाचं राहिलेलं टोक कापा. बोटं ओली करून सगळे तंतू मागे चापा. सोडलेल्या जागेत चार-पाच वेढ्यांचं डोकं करा आणि व्हिप फिनिश (धाग्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली ओढून घेणारी गाठ), चार वेढ्यांची. साध्या गाठींवर विसंबू नका. माझी तीर्थनची दुपार वर सांगितलीच.

९. डोक्यावर वार्निशचा एक थेंब, सुईच्या टोकाने. घरातलं रंगहीन नेलपॉलिश चालतं. नेढ्यात थेंब गेला तर ताबडतोब जुन्या पिसाचा देठ त्यातून ओढून घ्या.

*सावध:* वार्निश हॅकलच्या मुळांत झिरपलं तर तंतू कडक होतात, म्हणजे पहिल्या टप्प्यात केलेली निवड वाया. थेंब मोठा नको, नंतर दुसरा लावता येतो.

टप्पा ७: ग्लासातली परीक्षा

कोरडी फ्लाय बघून स्वतःची पाठ थोपटू नका. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, फ्लाय नायलॉनच्या तुकड्याला बांधून सोडा, आणि चमच्याने पाणी हळू फिरवा.

तंतू अंगाभोवती मागे मिटतात आणि प्रवाह थांबला की थोडे उघडतात, असं दिसलं पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने पहिल्यांदा हे पाहिलं आणि म्हणाला, ‘भिया, ये तो सांस ले रही है!’ याहून नेमकं मला सांगता आलेलं नाही.

मग रंग बघा. नारिंगी रेशीम ओलं झालं की तांबूस, जवळजवळ विटकरी होतं, कारण गळाचा काळा दांडा आतून दिसायला लागतो. पिवळं हिरवटाकडे झुकतं. दुकानात रंग निवडताना म्हणून एक छटा उजळ घ्या. शेवटी तंतू मोजा. वीसच्या वर गेले तर पुढच्या फ्लायला अर्धा वेढा कमी. ही फ्लाय गरिबासारखी दिसायला हवी. आपल्या लग्नाच्या सवयीने सजवलेली फ्लाय पाण्यात दाट ठिपका दिसते, किडा दिसत नाही.

तरंगत राहिली तर पिसावर चरबी राहिली आहे, टप्पा २ नीट झालेला नाही. नदीवर असाल तर चिमूटभर ओली माती चोळा आणि खळबळून घ्या.

अंग बदलून होणाऱ्या इतर फ्लाय

पहिली सहा एकसारखी जमली की इकडे या, त्याआधी नाही.

लवदार अंग: टप्पा ६ मधल्या पाचव्या पायरीच्या आधी धाग्यावर लव लावायची. रानससा नको, त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. पाळीव सशाला विंचरल्यावर निघणारी आतली लव उत्तम. शेजारच्या करड्या मांजरीच्या फणीतली लवही मी वापरली आहे, तिची मालकीण आता पुडीच करून देते. मेण लावलेल्या धाग्याला लव नुसती स्पर्श करून फिरवा, मधूनमधून रेशीम दिसत राहिलं पाहिजे. हिवाळी सकाळच्या धुक्याएवढी. बोटभर जाड वळी केली की ती फ्लाय राहत नाही, सुरवंट होतो.

तांब्याची वायर: मोटार वाइंडिंगवाल्याकडे ४० नंबरची तार मागा, साधारण ०.१२ मिलिमीटर. मूठभर तुकडे फुकट मिळतात. अंगावर चार-पाच विरळ वेढे. वजनासाठी नाही, अंगाचे भाग दिसावेत आणि मोरपिसाचे तंतू तुटू नयेत म्हणून.

मोरपिसाचं अंग: डोळ्याच्या खालचे दोन तंतू धाग्याभोवती एकत्र पिळून गुंडाळा. नुसते गुंडाळले तर पहिल्याच माशाच्या दाताने उलगडतात. कडकनाथचं हॅकल आणि मोरपिसाचं अंग ही माझ्या डबीत सगळ्यात लवकर संपणारी फ्लाय.

वर्गवारी: डबी रंगाने लावू नका

रंग ही शेवटची गोष्ट. आधी हॅकल कसं आहे ते बघा, मग अंग, मग गळाचा नंबर, मग रंग. पहिल्या प्रश्नावरच डबीचे चार कप्पे पडतात.

*पहिला कप्पा, स्पायडर.* डोक्याशी दोन वेढे, नुसतं रेशमी अंग किंवा पुसट लव. आपण बांधली ती हीच. वरच्या वीतभर पाण्यात, कात टाकून वर येणाऱ्या किड्यासाठी.

*दुसरा, अंगावर उतरलेलं हॅकल.* पीस डोक्यापासून अंगाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत विरळ वेढलेलं, स्कॉटिश पद्धतीचं. इथे पीस लहान लागतं आणि वेढे जास्त. दिसायला पहिल्यासारखी, पण खळाळत्या पाण्यात जास्त दिसते. ही आणि पहिली एकाच कप्प्यात टाकणं ही वर्गवारीतली नेहमीची चूक.

*तिसरा, फ्लिम्फ.* लवेचं जाडसर, केसाळ अंग, आणि त्या लवेतच मिसळणारं दोन-तीन वेढ्यांचं हॅकल. लवेत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि हवेच्या पिशवीसह वर येणाऱ्या कोषासारखी ती चमकते. अमेरिकी शब्द आहे, फ्लाय आणि निम्फ (किड्याचं पाण्यातलं पिल्लू) जोडून केलेला.

*चौथा, जड.* हॅकलमागे पितळी मणी किंवा अंगाखाली तार. खोल आणि वेगवान पाण्यासाठी.

आणि जे यात येत नाहीत: पाठीवर पिसाच्या पट्टीचे पंख असलेल्या वेट फ्लाय, हॅकल मऊ असलं तरी त्यांची डबी वेगळी. कोंबड्याच्या ताठ पिसाने अंगभर वेढलेल्या त्याहून वेगळ्या. शंका आली तर तंतूला ओलं बोट लावा. टप्पा १ मधली फुंकर इथेही चालते.

नावांचा घोळही सोडवून टाकू. जुन्या इंग्रजी स्पायडरची नावं बहुतेक सरळ पाककृती असतात, आधी पक्षी आणि मग रेशमाचा रंग. ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ म्हणजे तितराचं हॅकल, नारिंगी रेशीम. ‘स्नाइप अँड पर्पल’ म्हणजे पाणलाव्याचं पीस, जांभळं रेशीम. ‘वॉटरहेन ब्लोआ’ फसवतं: वॉटरहेन म्हणजे पाणकोंबडी, पण ‘ब्लोआ’ हा यॉर्कशायरच्या बोलीतला शब्द, शिशासारख्या निळसर करड्या रंगासाठी, आणि रेशीम मात्र पिवळं असतं. तुम्ही पक्षी बदललात तर चिठ्ठीवर खरं लिहा: ‘गावठी आणि नारिंगी, १४, पांढरं मेण’. मूळ नाव लिहून ठेवलंत तर पुढच्या वर्षी कुठल्या पिसाने मासे लागले ते तुम्हालाच आठवणार नाही.

पाण्यावर, थोडक्यात

चोरल नदीत चिलव्यासारख्या बारीक माशांना १६ नंबरची काळी स्पायडर पुरते. ट्राउट हिमाचलात. तिथे मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांचा प्रजननकाळ म्हणून बंद. तलावावर जाणार असाल तर ठेकेदाराची परवानगी आधी.

फ्लाय प्रवाहाच्या आडवी, जरा खालच्या बाजूला टाका आणि दोरी ताणून न धरता तिला वळसा घेऊ द्या. वळसा संपता संपता काठीचं टोक हळू वर उचला. बहुतेक झटके तिथेच लागतात. झटका जाणवला की जोरात ओढू नका, दोरी ताणली जाईल एवढंच काठी उचला.

घरी आल्यावर डबी रात्रभर उघडी ठेवा. ओल्या फ्लाय बंद डबीत राहिल्या की गळ गंजतात आणि गंजाचा डाग रेशमात उतरतो, तो निघत नाही. आमच्याकडे जुलैत डबीत कोरड्या तांदळाची पुरचुंडी असते, आणि डबीवरही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे तांदूळ खाण्याचे नाहीत.